मनगटाला बांधलेल्या पेन्सिली

अण्णांचं दुकान कराडला एसटी स्टँडच्या मागच्या बोळात होतं. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आणि आत पाऊल टाकलं की नाकात शिरणारा टर्पेंटाइनचा वास. अण्णा पेंटर. नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, निवडणुका आल्या की भिंती आणि गणपती आले की मंडळांचे बोर्ड. टेबलावर एक जाड काच होती. तिच्याखाली दत्ताचा फोटो, उधारीच्या चिठ्ठ्या आणि एक रंगीत चित्र. काळंभोर आकाश, पांढऱ्या पोशाखात हात पसरून तरंगणारा एक माणूस, आणि खाली खूप खोलवर निळा समुद्र आणि त्याचा किनारा.

रशियाहून येणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या मासिकातलं ते पान होतं. त्या मासिकांनी आमच्या पिढीच्या वह्यापुस्तकांना कव्हरं पुरवली. जूनमध्ये रद्दीवाल्याकडे त्यांच्यासाठी झुंबड असायची. पण हे एक पान अण्णांनी कव्हरासाठी दिलं नाही. मी बरीच वर्षं तो फोटोच समजत होते. चौथी-पाचवीत असेन, तेव्हा एकदा अण्णांनी मला काचेजवळ बोलावलं. म्हणाले, "नीट बघ. फोटोत असे ब्रशचे फटकारे दिसतात का? चित्र आहे हे. आणि ज्याचं आहे त्यानंच काढलंय. पेंटर आहे तो, आपल्यातला."

अलेक्सी लिओनोव. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडून अवकाशात तरंगलेला पहिला माणूस. ही ओळख सगळ्यांना असते. अण्णांच्या लेखी ती दुसरी ओळख होती.

पुढे मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि अण्णांचं म्हणणं किती शब्दशः खरं होतं ते कळत गेलं. लिओनोवचा जन्म ३० मे १९३४चा, सैबेरियातल्या लिस्त्व्यांका नावाच्या खेड्यातला. तो लहान असतानाच स्टालिनच्या धरपकडीत वडिलांना नेलं. लोकशत्रूचं घर म्हणून शेजारीपाजारी येऊन सामान उचलून घेऊन गेले, अगदी अंगावरचे कपडेसुद्धा, असं त्यानं नंतर लिहिलं आहे. वडील पुढे निर्दोष ठरले, पण तोवर घर उठलं होतं. भरल्या गोकुळासारखं कुटुंब केमेरोवोत एका खोलीत येऊन राहिलं. तिथं या पोरानं एक उद्योग सुरू केला. रशियन घरांत विटांच्या मोठ्या चुली असतात, चुना देऊन पांढऱ्या केलेल्या. त्या चुलींवर तो शेजाऱ्यांना फुलं काढून द्यायचा आणि बदल्यात खायला काहीतरी मिळायचं.

भाकरीसाठी चूल रंगवणारं पोर! मला हे वाचताना अण्णांची आठवण येणं साहजिक आहे. दिवाळीच्या आधी आठ दिवस ते गल्लीतल्या घरांच्या उंबऱ्यांवर ऑइलपेंटनं रांगोळ्या काढून द्यायचे आणि ज्यांच्याकडे पैसे नसतील त्यांच्याकडून चकल्या-करंज्यांचा डबा यायचा. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

१९५३ साली लिओनोवला रिगाच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला. चित्रं बघूनच घेतलं त्याला. पण शहरात राहायचं तर खोलीचं भाडं, खाणं, रंगांचा खर्च. घरून काही येण्याची शक्यता नाही. त्यानं अकादमी सोडली आणि वैमानिकांच्या शाळेत दाखल झाला, कारण तिथं राहणं, जेवण आणि कपडे सरकार द्यायचं. अण्णांनाही १९६४ मध्ये मुंबईच्या एका कला महाविद्यालयात जागा मिळाली होती. पत्र आलं, गावात पेढे वाटले, आणि दोन महिन्यांत राहायच्या जागेपायी ते परत आले. याबद्दल ते फारसं बोलत नसत. काचेखालचं चित्र मात्र मी मोठी होईपर्यंत तिथंच होतं.

आता यानाबाहेरच्या त्या बारा मिनिटांकडे येते. कारण लिओनोवच्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते तिथं.

यानाचं नाव वोस्खोद-२, बरोबर कप्तान पावेल बेल्यायेव. यानातली उपकरणं हवेनं थंड राहणारी होती, त्यामुळे केबिनमधली हवा काढून सरळ दार उघडण्याची सोय नव्हती. म्हणून सोव्हिएत यानांचा मुख्य रचनाकार कोरोल्योव याच्या माणसांनी यानाच्या अंगाला कापडाची एक फुगणारी नळी जोडली. आतून जेमतेम एक मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब. आधी नळीत शिरायचं, मागचं दार लावायचं, नळीतली हवा सोडायची आणि मग बाहेरचं दार उघडायचं. याला एअरलॉक म्हणतात. लिओनोव त्यातून डोकं काढून बाहेर आला तेव्हा खाली काळा समुद्र (ब्लॅक सी) होता. यानाशी त्याला बांधणारी दोरी जेमतेम पाच मीटरची. बेल्यायेवनं रेडिओवर जगाला सांगितलं की माणूस अवकाशात बाहेर पडला आहे. आणि लिओनोवनं ऐकली ती शांतता. इतकी, की स्वतःच्या काळजाचे ठोके आणि स्वतःचा श्वास, एवढंच ऐकू येत होतं.

त्याच्या छातीवर एक कॅमेरा होता. कॅमेऱ्याची कळ मांडीजवळ. बाहेर पडल्यावर त्यानं ती दाबायला हात नेला तर हात तिथवर पोचेना. कारण सूट फुगला होता. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यावर ती कशी ताठ होते आणि वाकवू म्हटलं तर वाकत नाही, तसं झालं. सूटच्या आत हवेचा दाब, बाहेर काहीच नाही. जमिनीवरच्या चाचण्यांत असं पूर्ण निर्वात कधी देताच आलं नव्हतं. हातमोज्यांतून बोटं सुटली, बुटांतून पावलं वर आली. तो स्वतःच्याच कपड्यात मोकळा तरंगायला लागला. एअरलॉकवर लावलेल्या चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यानं त्याला टिपलं, ती फिल्म जगानं पाहिली. पण त्यानं स्वतः काय पाहिलं त्याचा एकही फोटो नाही. तो काढायचा राहूनच गेला.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते एकदम सरळ बसले. म्हणाले, "म्हणून चित्र काढलं त्यानं."

मला अजूनही वाटतं की या एका वाक्यात त्यांनी जे पकडलं ते मी वाचलेल्या पुष्कळ लेखांत नाही. कळ हाताला लागली असती तर एक फोटो आला असता आणि आपण तो बघून पुढे गेलो असतो. ती लागली नाही, त्यामुळे त्या माणसाला आयुष्यभर तो समुद्र पुन्हा पुन्हा आठवून काढावा लागला.

खरा प्रसंग परतताना आला. ठरलं होतं की पाय आधी घालून नळीत शिरायचं. फुगलेल्या सूटनं ते जमेना. वेळ चालला होता, पाठीवरचा ऑक्सिजन मोजका, यान पृथ्वीच्या सावलीकडे सरकतंय. लिओनोवनं खाली कुणालाही न विचारता सूटचा व्हॉल्व्ह फिरवून आतली हवा सोडायला सुरुवात केली. दाब जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या ०.४ पटीवरून जवळपास ०.२७ पटीवर आणला. इतका दाब एकदम कमी केला तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस जागेवर संपू शकतो. पाणबुड्यांना हा त्रास माहीत असतो. त्यानं बऱ्याच वेळापासून शुद्ध ऑक्सिजन घेतलेला होता, म्हणजे रक्तातला नायट्रोजन बराचसा निघून गेला असणार, त्या भरवशावर त्यानं हे केलं. मग डोकं आधी घालून तो आत घुसला आणि त्या एक मीटरच्या नळीत, फुगलेल्या सूटसकट, संपूर्ण उलटा फिरला, कारण दार मागच्या बाजूनं लावायचं होतं. १२ मिनिटं ९ सेकंद तो बाहेर होता. या प्रवासात त्याचं वजन सुमारे सहा किलो उतरलं.

मी सातवीत होते तेव्हा अण्णा गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर अक्षरं काढत होते. कमरेला दोर, दोर वरच्या कठड्याला, एका हातात रंगाचा डबा. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते. खालून त्यांचे फक्त तळपाय दिसत होते. काम झालं, पण उतरताना वीस मिनिटं गेली. खाली आल्यावर त्यांनी आधी हातांकडे बघितलं, बोटं मिटेनात. मग मला म्हणाले, "चढायला काय, कुणी पण चढतंय. उतरताना कळतं." पुढे लिओनोवचा तो नळीतला प्रसंग वाचताना मला आधी ते तळपाय दिसले.

घरी, मॉस्कोजवळ, त्याची चार वर्षांची मुलगी विका टीव्हीवर हे बघून रडत होती की बाबांना सांगा, आत जा म्हणावं. लिओनोवचे वडीलही वैतागले होते की यानात बसून काम करायचं सोडून हा बाहेर काय भटकतोय. ज्या वडिलांना एकदा घरातून उचलून नेलं होतं, त्यांचा मुलाच्या बाहेर पडण्यावरचा हा राग मला फार आतून आलेला वाटतो.

आणि मग, आत आल्यावर, घामानं चिंब असताना, त्यानं पेन्सिली काढल्या. रंगीत पेन्सिली तो पृथ्वीवरून घेऊन गेला होता. तरंगून जाऊ नयेत म्हणून त्या दोऱ्यांनी बांधलेल्या होत्या आणि त्यांचा पट्टा मनगटात. छोट्याशा कागदावर त्यानं यानातून दिसलेला सूर्योदय काढला. पृथ्वीची काळी कड, तिच्यावर लाल, नारिंगी आणि निळ्याचे पातळ पट्टे, आणि वर काळं. अवकाशात काढलेलं हे पहिलं चित्र. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात २०१५च्या प्रदर्शनात ते ठेवलं होतं, बरोबर त्या पेन्सिलीही. मी त्याचा फोटो इंटरनेटवर मोठा करून पाहिला आहे. निळ्या आणि काळ्याच्या मध्ये रंग दाबून-दाबून भरल्याच्या खुणा दिसतात. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेलं पोर वेळ संपत आल्यावर भरतं, तसा तो रंग आहे.

या चित्रानंतरचे दोन दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत असे होते. यान आपोआप उतरवणारी यंत्रणा बिघडली. बेल्यायेवनं यान हातानं वळवून रॉकेट पेटवलं, पण अडचणीच्या खुर्च्यांमधून हालचाल करण्यात काही सेकंद गेले आणि ठरलेल्या जागेपासून ३८६ किलोमीटर लांब, उरलच्या बाजूला, पेर्मच्या परिसरातल्या तैगाच्या जंगलात ते झाडांमध्ये उतरले. कमरेच्या वर बर्फ. लिओनोवच्या सूटमध्ये घाम साठला होता, पाय हलवला की पाण्यासारखा डुचमळायचा. दोघांनी कपडे उतरवले, आतले पिळून पुन्हा घातले. शून्याखालच्या थंडीत पहिली रात्र यानाच्या गोळ्यात काढली. वरून विमानांनी कपडे टाकले ते बरेचसे फांद्यांना अडकले. दुसऱ्या दिवशी स्कीवरून माणसं आली, त्यांनी ओंडक्यांची झोपडी आणि मोठी शेकोटी केली. तिसऱ्या दिवशी बर्फातून स्कीवर नऊ किलोमीटर जाऊन दोघं हेलिकॉप्टरपर्यंत पोचले. रशियाच्या लोकांना यातलं फारसं काही तेव्हा सांगितलं गेलं नाही. त्यांना सांगितलं गेलं ते एवढंच की सगळं उत्तम पार पडलं.

अडीच महिन्यांत अमेरिकेचा एड व्हाइट बाहेर पडला. पुढच्या वर्षभरात बाहेर काम करायला गेलेल्या अमेरिकन अंतराळवीरांची दमछाक झाली, मग कठडे, पायांना अडकवायच्या पट्ट्या आणि पाण्याखालचा सराव आला. आज अंतराळ स्थानकाबाहेर सहा-सहा, सात-सात तास दुरुस्तीची कामं चालतात. सुनीता विल्यम्सच्या नावावर नऊ स्पेसवॉकचे मिळून ६२ तास ६ मिनिटं आहेत. लिओनोवच्या नावावर बारा मिनिटं.

पण मला त्याच्या कारकिर्दीत त्या बारा मिनिटांनंतरची दहा वर्षं फार महत्त्वाची वाटतात. १९६५ नंतर तो थेट १९७५ मध्ये पुन्हा अवकाशात गेला. मधल्या काळात काय काय झालं! जानेवारी १९६६ मध्ये कोरोल्योव गेला, ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं होतं. २७ मार्च १९६८ला अवकाशात गेलेला पहिला माणूस, गागारिन, याचं विमान पडलं. लिओनोव त्या दिवशी जवळच पॅराशूटच्या सरावाला होता आणि त्यानं लांबून दोन धडाके ऐकले. मित्राची ओळख पटवायची वेळ त्याच्यावर आली. तो चौकशी समितीतही होता आणि दुसरं एक विमान फार जवळून गेल्यामुळे हा अपघात झाला हे म्हणणं त्यानं पुढे कितीतरी वर्षं लावून धरलं.

चंद्रावर उतरणारा पहिला सोव्हिएत माणूस म्हणून त्याची तयारी चालली होती. त्यासाठीचं एन-१ रॉकेट चार वेळा उडवलं आणि चारही वेळा फसलं. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरताना लिओनोव मॉस्कोत पडद्यासमोर बसला होता.

१९७१ मध्ये सोयुझ-११ या यानावर त्याची आणि त्याच्या दोन सोबत्यांची नेमणूक झाली. उड्डाणाला तीन दिवस राहिले असताना त्यातल्या कुबासोवच्या फुफ्फुसावर डाग दिसला. क्षयाची शंका म्हणून नियमाप्रमाणे तिघांनाही काढलं आणि राखीव तिघांना पाठवलं: दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव. लिओनोव खूप संतापला होता. ते तिघं तेवीस दिवस अवकाशात राहून परत निघाले. ३० जूनला परतीच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह वेळेआधी उघडला, केबिनची हवा निघून गेली आणि यान जमिनीवर सुरक्षित उतरलं तेव्हा आत तिघंही मेलेले होते. कुबासोवच्या फुफ्फुसावरचा डाग क्षयाचा नव्हताच, ॲलर्जी होती.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. अंगावर घ्यायचं म्हणजे काय घ्यायचं? आपण ज्या खुर्चीसाठी भांडलो तिच्यात दुसरा मेला, आणि आपल्याला पुन्हा उद्या सरावाला जायचंय. लिओनोव गेला. पुढची चार वर्षं सरावाला जात राहिला.

१५ जुलै १९७५ला तो कुबासोवलाच बरोबर घेऊन उडाला. १७ जुलैला त्याचं सोयुझ आणि अमेरिकेचं अपोलो ही यानं एकमेकांना जोडली गेली आणि मधल्या बोगद्याच्या तोंडाशी लिओनोवनं अपोलोचे कप्तान टॉम स्टॅफर्ड यांचा हात हातात घेतला. ठरलं होतं की रशियनांनी इंग्रजीत बोलायचं आणि अमेरिकनांनी रशियनमध्ये. स्टॅफर्ड ओक्लाहोमाचे; त्यांच्या रशियनला ओक्लाहोमाचे असे काही हेल होते की लिओनोव म्हणायचा, या यानात तीन भाषा आहेत, रशियन, इंग्रजी आणि ओक्लाहोम्स्की. जेवणाच्या नळ्यांवर त्यानं व्होडकाची लेबलं चिकटवली होती, आत बोर्श्च, म्हणजे बीटचं सूप. आणि इथंही पेन्सिली होत्या. त्यानं सोबत्यांची रेखाचित्रं काढली. दोन देश एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले आणि हा त्यांच्या माणसांची नाकं-कान काढत बसलेला. मला तो तेव्हा सगळ्यात जास्त आवडतो.

बस्स. अवकाशातलं त्याचं सगळं वास्तव्य मिळून सात दिवस आणि अर्धा तास. बाकी सगळं आयुष्य जमिनीवर: सराव, वाट बघणं, दुसऱ्यांना तयार करणं. गागारिन प्रशिक्षण केंद्राचा तो उपप्रमुख होता, आणि आपले राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा तिथंच तयार झाले. एप्रिल १९८४ला शर्मा साल्युत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा अण्णांनी दुकानातल्या फळ्यावर तिरंगा आणि रॉकेट काढून ठेवलं होतं. त्याच वर्षी जुलैत, त्याच साल्युतमधून स्वेतलाना सावित्स्काया बाहेर पडली, स्पेसवॉक करणारी पहिली स्त्री. फळ्यावर तीही आली. बोळातून जाणारी माणसं विचारायची, पेंटर, ही कोण? अण्णा ब्रश खाली ठेवून सांगायचे.

पुढे फ्लेक्स आले. दोन-तीन वर्षांत हातानं पाट्या लिहून घेणारं गिऱ्हाईक संपलं. अण्णा तरी रोज दुकान उघडायचे, ब्रश धुऊन, टोकं जुळवून, कागदात गुंडाळून ठेवायचे. नंबरप्लेटांचं काम थोडं थोडं येत राहिलं.

लिओनोव ११ ऑक्टोबर २०१९ला गेला. त्या दिवशी अंतराळ स्थानकाबाहेर दोन अमेरिकन अंतराळवीरांचा स्पेसवॉक चालू होता आणि नासानं त्याचं थेट प्रक्षेपण मध्येच थांबवून ही बातमी सांगितली. अंत्यविधीला स्टॅफर्ड मॉस्कोजवळच्या लष्करी दफनभूमीत गेले होते. ८९ वर्षांचे. ते मित्राबद्दल रशियनमध्ये बोलले. मी ते चित्रण पाहिलं आहे. त्या रशियनमध्ये काय म्हणाले ते मला शब्दानं कळत नाही, पण हेल ऐकू येतात. स्टॅफर्ड पुढे २०२४ मध्ये गेले. तारीख होती १८ मार्च.

मी अण्णांना फोन करून लिओनोव गेल्याचं सांगितलं होतं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "शेवटपर्यंत काढत होता का चित्रं?" मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

अण्णांनंतर दुकान रिकामं करायला गेले तेव्हा काच उचलली. दत्ताचा फोटो सुटला, चिठ्ठ्या सुटल्या. ते पान मात्र इतक्या वर्षांच्या दमटपणानं काचेला आतून घट्ट चिकटलं होतं. नखानं एक कोपरा उचकटून पाहिला तर निळा रंग काचेवरच राहायला लागला. मग तसंच सोडलं. जुन्या लुगड्यात काच गुंडाळली आणि पुण्याच्या एसटीत खिडकीजवळ बसून, दोन्ही हातांनी धरून, मांडीवर घेऊन आले.